घरच्या पार्किंगमध्ये जिप्सीला लिफ्ट करावी का, आणि करायची तर कशी

नमस्कार भाऊ. तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही समजेल. काटोलकडे संत्र्याची बाग आहे, 2006 ची जिप्सी किंग आहे, पावसाळ्यात पांदणीतून जाताना ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्यांमध्ये गाडी खालून घासते, म्हणून नागपूरला घरच्या पार्किंगमध्ये स्वतःच 2 इंच लिफ्ट करायची आहे, म्हणजे चेसिस ॲक्सलपासून तेवढी वर उचलायची आहे, तर कमानीचे पाटे वाढवू, शॅकल (कमानीचं टोक चेसिसला टांगणारी हलती कडी) लांब करू की तयार किट मागवू. मी गेली 17 वर्षं नागपुरात जिप्सी आणि जुन्या जीपवर काम करून राहिलो, त्यातल्या बऱ्याचशा जंगल सफारीच्या आणि शेतावरच्या गाड्या, त्यामुळे जे हाताने केलं तेच सांगतो.

घरी जमते. खरं तर घरी करायला जिप्सीइतकी सोपी गाडी नाही, चारही चाकांना कमान (एकावर एक रचलेल्या पाट्यांची स्प्रिंग), दोन्ही ॲक्सल सॉलिड (दोन चाकांना जोडणारा अखंड दांडा), स्प्रिंग दाबून धरायची भानगडच नाही. पण लिफ्ट हे तुमच्या दुखण्याचं औषध आहे का हे मला अजून कळलेलं नाही, कारण "गाडी खालून घासते" एवढंच तुम्ही लिहिलंय, नेमकं काय घासते ते नाही लिहिलं. सगळं त्यावरच आहे.

म्हणून आधी हे करा. भिंतीला लावायचा चुना घट्ट कालवा आणि ब्रशने पुढच्या-मागच्या डिफरन्शियलच्या गोळ्याखाली (ॲक्सलवरचा गिअरचा फुगवटा), ट्रान्सफर केसखाली (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारा डबा), गिअरबॉक्सखालच्या आडव्या पट्टीला, सायलेन्सरच्या पाइपला, कमान ॲक्सलला बांधणाऱ्या यू बोल्टच्या खालच्या प्लेटांना, असा सगळीकडे फासा. वाळू द्या, उघडीप बघून तुमच्या नेहमीच्या पांदणीतून एक चक्कर मारा, परत येऊन गाडीखाली झोपून बॅटरीने बघा कुठला चुना गेला. गोळ्याचा गेला असेल तर लिफ्टचा एक रुपयाही खर्च करू नका. डिफरन्शियल ॲक्सलमध्ये आहे, ॲक्सल चाकात आहे, चाकाचा मध्य जमिनीपासून जेवढा उंच तेवढाच ॲक्सल उंच, वरची चेसिस तुम्ही आभाळात नेली तरी गोळा होता तिथेच राहतो. सॉलिड ॲक्सलच्या गाडीत गोळा वर न्यायचा एकच रस्ता, मोठा टायर. माझ्याकडे लिफ्ट करायला येणाऱ्या दहातल्या निम्म्या लोकांना हे पहिल्यांदा सांगावं लागतं, आणि काही तर आधीच पैसे घालून आलेले असतात, तेव्हा वाईट वाटतं.

टायरचा हिशोब सोपा आहे. जिप्सी किंगच्या मूळ 205/70 आर 15 टायरचा व्यास साधारण 668 मिलिमीटर, 215/75 चा 703, 235/75 चा 733. उंची व्यासाच्या अर्धी वाढते, म्हणजे 215/75 घातला तर गोळा जवळपास 18 मिलिमीटर वर, 235/75 घातला तर 33 च्या आसपास. पण 1.3 चं इंजिन आहे भाऊ, 235 घातल्यावर पाचव्या गिअरमध्ये ओढ राहत नाही, चढावर सारखा चौथा टाकावा लागतो आणि स्पीडोमीटर 50 दाखवतो तेव्हा गाडी 55 ने चाललेली असते. शेतावर माल घेऊन जाणाऱ्या गाडीला मी 215 च्या पुढे जायला सांगत नाही. आणि आपली काळी माती! ती दोन मिनिटांत टायरच्या खाचा भरून टाकते, मग टायर कितीही महाग असो, गुळगुळीत झालेला असतो. रेगडीत गाडी टायरमुळे निघते, उंचीमुळे नाही, त्यामुळे खाचा रुंद असलेला, चाक फिरताना माती फेकून देणारा टायर घ्या.

आता समजा चुना ट्रान्सफर केसचा, आडव्या पट्टीचा किंवा सायलेन्सरचा गेला, म्हणजे पोट घासतंय. मग उंची वाढवण्यात अर्थ आहे. पण त्याआधीही एक मोजमाप. गाडी सपाट जागी रिकामी उभी करा, टायरमध्ये हवा सारखी, आणि चारही चाकांना हबच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजून लिहून ठेवा. 2006 ची गाडी, मागे संत्र्याचे क्रेट टाकून वापरलेली, मला जवळपास खात्री आहे की तुमची कमान बसलेली आहे. बसलेली कमान ओळखायला मिस्त्री लागत नाही, उजवी-डावी बाजू एकसारखी मोजत नाही, मागचा मेन पाटा रिकाम्या गाडीतच सरळ किंवा उलटा वाकलेला दिसतो, आणि ॲक्सल आणि बंप स्टॉपच्या रबरामध्ये (ॲक्सल चेसिसला आपटू नये म्हणून असतं ते) जेमतेम दोन बोटं जातात. ओळखीत कोणाच्या जिप्सीला नवे पाटे असतील तर तिचेही आकडे घ्या. तुमची गाडी तिच्यापेक्षा दीड इंच खाली निघाली तर तुम्हाला लिफ्टची गरजच नाही, तुम्हाला जी उंची कंपनीने दिली होती ती परत मिळवायची आहे, त्यात ना ब्रेकच्या नळ्या बदलाव्या लागत, ना स्टिअरिंग बिघडत, ना कागदपत्रांची काळजी. नवा ओरिजिनल मापाचा कमान सेट, नवे बुश (पिनांभोवतीचे रबर), नवे यू बोल्ट, नवे शॉकअप, संपलं. माझ्या हाताखालून गेलेल्या कितीतरी गाड्यांचं काम इथेच थांबलं.

तरीही 2 इंच हवेच असतील तर तुम्ही विचारलेल्या तिन्ही गोष्टींबद्दल एकेक करून बोलतो.

शॅकल लांब करणं सगळ्यात स्वस्त म्हणून सगळे तिकडे धावतात. पण शॅकल कमानीच्या एकाच टोकाला असतं, त्यामुळे शॅकल जेवढं लांब कराल त्याच्या अर्धीच गाडी उचलते. 2 इंचासाठी 4 इंच लांब शॅकल लागेल, आणि तेवढं लांब शॅकल वळणावर गाडीला आडवं डोलवतं. त्यात जिप्सीचं पुढचं शॅकल कमानीच्या पुढच्या टोकाला आहे, ते लांब केलं की पुढचा ॲक्सल वरच्या बाजूने पुढे कलतो, म्हणजे कॅस्टर कमी होतो. कॅस्टर म्हणजे सायकलचा पुढचा चिमटा जसा तिरपा असतो तो तिरपेपणा, त्याच्यामुळेच हँडल वळणानंतर आपोआप सरळ येतं. तो गेला की गाडी वर्धा रोडवर 70 ला भटकायला लागते, ट्रक बाजूने गेला की हँडल धरून बसावं लागतं. फार तर इंचभर लांब शॅकल घ्या, त्यातून अर्धा इंच मिळेल तो घ्या, त्यापुढे नाही.

पाटा वाढवणं. हे तुमच्या मालावर आहे. गाडी वर्षातले आठ महिने क्रेट भरून चालत असेल तर मागे एक जास्तीचा पाटा ठीक आहे. पण रिकाम्या गाडीला तोच पाटा दगडासारखा लागतो, चाक खड्ड्यात उतरत नाही, हवेत लटकतं, आणि हवेतलं चाक काही कामाचं नाही. जुने पाटे ठोकून कमान परत चढवून घेणारे वाडीकडे ट्रकच्या कामाच्या भागात भेटतात, स्वस्तात करून देतात, पण नुसत्या थंड ठोकलेल्या पाट्याची कमान पुन्हा बसते, मी वर्षभरात परत आलेल्या गाड्या पाहिल्यात. म्हणून 2 इंच हवे असतील तर 2 इंच जास्त कमान असलेला पूर्ण नवा सेट, म्हणजेच तुम्ही विचारलेलं तयार किट, आणि त्याच मापाचे लांब शॉकअप. खर्च जास्त आहे, पण एकदाच.

ट्रकसारखा ठोकळा घालू नका, हे तुम्ही विचारलं नाही पण कोणीतरी सुचवेलच. जिप्सीत पाटे ॲक्सलच्या खालून जातात. ॲक्सल आणि पाट्याच्या मध्ये ठोकळा घातला तर गाडी वर जायच्या ऐवजी आणखी खाली बसेल! पाटे ॲक्सलच्या वर नेण्याचा जो बदल करतात त्याने 5 इंचांच्या आसपास उंची मिळते, पण त्यात वेल्डिंग, स्टिअरिंगचा दांडा, जॉइंटचे कोन सगळं नव्याने करावं लागतं. ते घरचं काम नाही.

आता मुख्य गोष्ट. लिफ्ट म्हणजे नुसती कमान बदलणं हे डोक्यातून काढा. लिफ्ट म्हणजे ॲक्सल आणि चेसिसमधलं अंतर वाढणं, आणि या दोघांना जोडणारी एकूण एक गोष्ट एकतर लांब करावी लागते नाहीतर तिचा कोन बदलतो. गाडीखाली झोपा आणि ॲक्सलवरून वर काय काय जातं ते एकेक बोट लावून मोजा. ब्रेकच्या रबरी नळ्या. शॉकअप. पुढचा-मागचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे ॲक्सलकडे ताकद नेणारा फिरता दांडा. स्टिअरिंगचा ड्रॅग लिंक, म्हणजे हँडलची हालचाल चाकाकडे नेणारा दांडा. डिफरन्शियलच्या ब्रीदरची (हवा जा-ये करायची) नळी, जी लोक हमखास विसरतात, ती निघाली की पहिल्याच नाल्यात ऑइलमध्ये पाणी जातं. आणि मागे ब्रेकचा लोड सेन्सिंग वाल्व्ह (मालाप्रमाणे मागच्या ब्रेकचं प्रेशर ठरवणारा) असेल तर त्याचा दांडा, गाडी उचलली की त्या वाल्व्हला वाटतं गाडी कायम रिकामी आहे आणि तो मागच्या ब्रेकचं प्रेशर कमी करतो, म्हणून त्याचं ब्रॅकेट तेवढंच सरकवावं लागतं.

ब्रेकच्या नळ्यांवर जरा थांबतो, कारण यात जीव जातो. एकदा माझ्याकडे एक गाडी आली, दुसरीकडे कुठेतरी लिफ्ट झालेली, तक्रार एवढीच की ब्रेक कधीकधी मऊ लागतो. वर घेतली, पुढची दोन्ही चाकं लटकू दिली, हँडल पूर्ण डावीकडे वळवलं, आणि उजव्या चाकाची नळी सतारीच्या तारेसारखी ताणलेली. हात लावला तर मेटलच्या तोंडाशी रबराला बारीक चीर, बोटाला ब्रेक ऑइलचा ओलेपणा. जमिनीवर उभ्या गाडीत ती नळी अगदी व्यवस्थित दिसायची. म्हणून नळी कधीही गाडी उभी असताना तपासू नका, ॲक्सल पूर्ण लटकवून, हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून तपासा. ताण दिसला तर लांब नळी घाला. ब्रॅकेट वाकवून काम भागवू नका.

शॉकअपचंही असंच, लटकलेल्या ॲक्सलचं वजन शॉकअपवर येता कामा नये आणि पूर्ण दाबलेल्या कमानीत शॉकअप आत बसायच्या आधी बंप स्टॉप लागला पाहिजे. प्रोपेलर शाफ्टचा स्लिप जॉइंट (आत-बाहेर सरकणारा सांधा) किती बाहेर आलाय ते जुन्या ग्रीसच्या रेषेवरून कळतं, आधी खडूने खूण करून ठेवा. फार बाहेर येत असेल तर फ्लँजमध्ये स्पेसर लागतो.

आता काम कुठे करणार ते. पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक असतील तर त्यांच्या भरवशावर गाडी ठेवू नका. हे मी अनुभवावर सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एका घरी काम करत होतो, मागची बाजू दोन स्टँडवर, मी यू बोल्ट सोडत होतो, आणि एका स्टँडचा पाय पेव्हरच्या सांध्यात हळूच खचला. आवाजही झाला नाही, फक्त गाडी कलली आणि चेसिस शेजारी ठेवलेल्या स्टेपनीवर टेकली. ती स्टेपनी तिथे नसती तर चेसिस माझ्या खांद्यावर आली असती. तेव्हापासून काढलेलं प्रत्येक चाक चेसिसखाली आडवं जातं, आणि स्टँडखाली लोखंडी प्लेट किंवा 18 मिलिमीटरचा प्लायवूड. डांबरी रस्त्यावर तर मे महिन्यात अजिबातच नको, आपल्याकडे पारा 45 ला गेला की डांबर लोण्यासारखं होतं आणि स्टँड त्यात रुततो. विटा नाही, सिमेंटचे पोकळ ब्लॉक नाही, ते वजनाखाली एकदम फुटतात. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. आणि एकटं काम करू नका, घरातलं कोणीतरी हाकेच्या अंतरावर असू द्या. उन्हाळ्यात सकाळी साडेपाचला सुरू करून दहाला थांबायचं, दमलेल्या हाताने बोल्ट चुकतात.

आदल्या दोन-तीन दिवस सगळ्या यू बोल्टच्या नटांवर आणि शॅकल पिनांवर गंज सोडवायचा स्प्रे मारत राहा, डिझेलही चालतं. शॅकलची पिन बुशच्या नळीत जाम झालेली असणारच, काळी माती आत ओल धरून ठेवते. निघाली नाही तर लोक ग्राइंडर किंवा गॅस कटर घेतात. भाऊ, जिप्सीची पेट्रोलची टाकी मागेच आहे. मागच्या कमानीपाशी गॅस कटर तर कधीच नाही, ग्राइंडर चालवायचा असेल तर टाकी उतरवून बाजूला नेऊन मगच. ते जमणार नसेल तर तेवढी पिन गॅरेजमध्ये काढून घ्या, त्यात कमीपणा नाही.

कामाचा क्रम असा. आधी मागचा ॲक्सल पूर्ण, मग पुढचा, आणि एका ॲक्सललाही एका वेळी एकच बाजू. दोन्ही बाजूंचे यू बोल्ट एकदम सोडले की ॲक्सल मोकळा होऊन फिरतो, परत जागेवर आणताना घाम निघतो. पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे, स्टँड चेसिसखाली, ट्रॉली जॅक डिफरन्शियलखाली, म्हणजे ॲक्सल हवा तसा वर-खाली करता येतो. ब्रेक नळीचं ब्रॅकेट आणि शॉकअपचा खालचा बोल्ट आधी सोडा, मग यू बोल्ट, मग शॅकल, शेवटी दुसऱ्या टोकाची पिन. नवी कमान चढवताना सगळ्यात महत्त्वाची जागा सेंटर बोल्ट, पाटे मधोमध एकत्र धरणारा. त्याचं गोल डोकं ॲक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसलं पाहिजे, बोट फिरवून बघा, बॅटरी मारून बघा. डोकं कडेवर टेकलेलं असताना यू बोल्ट आवळले तर ॲक्सल तिरपा बसतो आणि गाडी खेकड्यासारखी चालते.

यू बोल्ट नवेच घ्या, जुने ताणलेले असतात आणि त्यांचे आटेही गेलेले असतात. चारही नट आळीपाळीने, तिरपे समोरासमोर, थोडे थोडे आवळायचे आणि शेवटी टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्याला. शॅकलचे आणि पिनांचे नट मात्र आत्ता नुसते हाताने लावा, गाडी चाकांवर खाली आल्यावर, दोन-चारदा वर-खाली हलवून मगच घट्ट करायचे. लटकलेल्या स्थितीत आवळले तर रबराचे बुश कायम पिळलेले राहतात, महिन्याभरात फाटतात आणि तुम्ही कमानवाल्याला दोष देत बसता.

खाली उतरवल्यावर हँडल थोडं तिरपं दिसेल, ड्रॅग लिंक लांब-आखूड करून ते सरळ येतं. टो, म्हणजे पुढची चाकं वरून बघता आत-बाहेर किती वळलेली आहेत ते, तपासून घ्या. 50-60 च्या वेगाला हँडल थरथरायला लागलं तर लगेच स्टिअरिंग डॅम्पर विकत घेऊ नका, आधी किंगपिनचे (चाक ज्यावर वळतं त्या पिनेचे) बेअरिंग, टाय रॉडची (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याची) टोकं आणि कॅस्टर बघा. कॅस्टरसाठी 2-3 डिग्रीची स्टीलची वेज, म्हणजे पाचर, घालता येते, जाड बाजू पुढे, पण तिने पुढच्या शाफ्टच्या क्रॉसचा (टोकाच्या सांध्याचा) कोन बिघडतो, म्हणून गरज दिसली तरच. ॲल्युमिनियमची वेज स्वस्त मिळते, ती तडकते.

कागदाचंही बोलतो. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे आरसीवर नोंदलेल्या, कंपनीने ठरवलेल्या गोष्टी बदलतील असा फेरफार करता येत नाही, जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182ए मध्ये परवानगी नसलेल्या फेरफारासाठी मालकाला दर फेरफारामागे 5,000 रुपये दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. अपघात झाला तर इन्शुरन्सवालाही हा मुद्दा काढू शकतो. म्हणूनही मी बसलेली कमान ओरिजिनल मापाला आणण्यावर एवढा भर देतोय.

हे वाचून नव्या थारवाल्यांनी घरी पाने काढू नयेत. 2020 नंतरच्या थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, स्प्रिंग शॉकअपवर दाबून बसवलेली असते, ती घरी सोडणं म्हणजे बंदुकीसमोर उभं राहणं आहे. ते काम प्रेसवरच.

तुमच्यासाठी पुढचं काम एवढंच, चारही चाकांचे आकडे आणि चुन्याचा निकाल मला कळवा, त्यावरून टायर, ओरिजिनल कमान की 2 इंचाचा सेट हे दहा मिनिटांत सांगता येईल. काम झालंच तर पहिल्या 100 किलोमीटरनंतर आणि परत 500 ला यू बोल्ट पुन्हा आवळा, नवे पाटे एकमेकांवर बसतात तसे ते ढिले पडतातच. आणि माल भरायच्या आधी पुन्हा एकदा चुना लावून त्याच पांदणीतून रिकामी गाडी काढून बघा.